समोरून थार आली की हात कसा करायचा?

पत्र असे आहे:

“मी डिचोलीला राहते आणि नोकरीला फोंड्याला जाते. महिंद्राची सेकंडहँड थार घेतली आहे, २०२१ची, डिझेल, मॅन्युअल, ४×४. रस्त्यात भेटणारे थारवाले हात करतात. आधी वाटायचे कुणी ओळखीचा असेल. मग कळले की ही पद्धतच आहे, आणि मला ती आवडली. पण गोंधळ होतो. आमोण्याच्या पुलाअलीकडे एका जुन्या जीपला खिडकीबाहेर हात काढून हलवला, तर मागचा स्कूटरवाला मला ओव्हरटेक करायला निघाला, आणि समोरून टिपर! थोडक्यात वाचला. काळ्या पाटीच्या थार कधी उत्तर देत नाहीत. एक तर भर रस्त्यात ब्रेक मारून थांबली. आई शेजारी असली की विचारते, ‘कोण गो तो?’ कुणी मागे लागला तर, ही धास्ती वेगळीच. आधी हात कुणी करायचा? लाइट मारला तर चालतो का? कुणी थारवाला बोनेट उघडून उभा दिसला आणि मी एकटी असले तर थांबायचे का? आणि शेवटचे म्हणजे, एका ग्रुपने पावसाळ्यात नदीतून गाड्या घालायच्या ड्राइव्हला बोलावले आहे. जाऊ का? – थारवाली, डिचोली”

ताई, स्कूटरवाल्यापासून सुरुवात करू, कारण चूक त्याची नव्हती. लर्निंग लायसन्सच्या परीक्षेला हाताच्या खुणा पाठ करतो आणि पास झालो की विसरतो. उजवा हात बाहेर आडवा काढून पुढेमागे झुलवला, तर मागच्याला सांगितले की ‘जा माझ्यापुढे’. तळवा खाली करून वर-खाली हलवला की ‘वेग कमी करतोय’. आडवा धरून गोल फिरवला की ‘डावीकडे वळतोय’. नुसता आडवा, तळवा पुढे केलेला, म्हणजे ‘उजवीकडे’. कोपरापासून उभा केला की ‘थांबतोय’. आता सांगा, खिडकीबाहेर काढलेल्या उजव्या हाताला मोकळी अशी कुठली हालचाल उरली? तुम्ही जीपवाल्याला नमस्कार केला. स्कूटरवाल्याने पुढे जायची परवानगी वाचली आणि ती पाळली. टेम्पो आणि जुने ट्रक आजही हातानेच बोलतात, त्यामुळे दुचाकीवाल्यांचे डोळे त्या हाताला सरावलेले असतात. तेव्हा हात गाडीतच राहू द्या. अरुंद रस्त्यावर शेजारून जाणाऱ्या बसचा आरसा किती जवळून जातो, तेवढे एक कारणही खरे तर पुरेसे आहे.

आता गाडीतल्या गाडीत करायचा तो हात. आपले स्टिअरिंग उजवीकडे आणि समोरचा येतो तोही उजव्या अंगानेच, म्हणजे त्याला तुमच्या काचेचा उजवा भाग सगळ्यात जवळून दिसतो. तुमचा डावा हात गिअरला लागतो, म्हणून काम उजव्या हाताचे. घड्याळात दोनचा काटा असतो तिथे स्टिअरिंगवर हात ठेवा, अंगठा रिंगला अडकलेला असू द्या आणि चार बोटे उचला. एक सेकंद. मग बोटे परत रिंगवर. हात तीनच्या जागी असेल तर तो डॅशबोर्डाआड जातो आणि समोरच्याला काहीच दिसत नाही. बारावर ठेवून उचलला तर दिसतो उत्तम, पण मनगट एअरबॅगच्या झाकणासमोर येते. एअरबॅग उघडली तर तेच मनगट तोंडावर आदळते. म्हणून दोन वाजता.

वेळेचा हिशेब करून बघा. तुम्ही ४० ला, तो ४० ला, म्हणजे दोघे मिळून सेकंदाला साधारण २२ मीटर अंतर खाता. ७० मीटरवर गोल हेडलाइट आणि चौकोनी धूड ओळखले तर हातात तीन सेकंद आहेत. पहिल्यात आरसा बघायचा की मागून कुणी बाहेर काढतोय का. दुसऱ्यात बोटे उचलायची. तिसरा सेकंद रस्त्याचा. दोघेही ६० ला असाल तर तेवढ्याच अंतराला दोनच सेकंद उरतात, आणि आरसा बघायचा सेकंद आपण सगळ्यात आधी गिळतो. त्या वेगाला हात करू नये हे बरे. मधे डिव्हायडर असलेल्या चौपदरीवर तर प्रश्नच नाही, तिथे कुणी कुणाकडे बघत नसतो. उत्तर आले की नाही ते आरशात शोधणे सोडा. सूर्य तुमच्या समोर असेल तर समोरचा चालक तुम्हाला दिसत नाही, आणि सूर्य तुमच्या काचेवर पडत असेल तर तुम्ही त्याला दिसत नाही. थारची काच बरीच उभी असल्याने इतर गाड्यांपेक्षा आत जास्त दिसते, तरी सकाळ-संध्याकाळ अर्धे नमस्कार काचेवरच संपतात.

वळणावर, उतारावर, मोरीवर, खाजनातल्या (खाडीकाठच्या खारजमिनीतल्या) बांधावरच्या रस्त्यावर, शाळा सुटताना, पोदेराची (पाववाल्याची) सायकल किंवा पायलटाची (भाड्याने सोडणाऱ्याची) मोटारसायकल शेजारी असताना दोन्ही हात स्टिअरिंगवर. टिपरच्या मागे असाल तर समोरच्याला तुम्ही टिपर सरकल्यावरच दिसता, म्हणजे वेळ मिळतो सेकंदभर, तेव्हाही नको. चोर्ला घाटात पावसाळ्यात धुके उतरते तेव्हा समोरच्याला तुमचे लो बीम दिसले तरी भरपूर झाले.

घाटात शेजारी कुणी असेल तर हे काम त्याला द्या. त्याचे दोन्ही हात मोकळे असतात आणि काचेच्या मधोमध उचललेला हात समोरून स्वच्छ दिसतो. आई बसली असेल तर आईला द्या. ‘कोण गो तो?’ हा प्रश्न आपोआप मिटेल, आणि पहिल्या आठवड्यातच ती तुम्हाला थार दाखवायला लागेल.

आधी कुणी करायचा? अमेरिकेत जीप रँग्लरवाले एकमेकांना हात करतात. तिथे म्हणतात की जुनी किंवा जास्त राबलेली जीप असेल तिला नव्या जीपवाल्याने आधी मान द्यायचा. दुसऱ्या महायुद्धातल्या, १९४१पासूनच्या विलीज जीपपर्यंत ते घराणे नेतात. आपल्याकडे महिंद्राने विलीज जीप बांधायला घेतल्या त्या १९४७ साली. थार २०१० मध्ये आली आणि तुमच्यासारखी दुसऱ्या पिढीची थार ऑक्टोबर २०२० मध्ये. म्हणजे जुन्या जीपला तुमच्या गाडीने आधी हात करणे हे वयाच्या मानाने शोभते. पण रस्त्याचा नियम या मानापेक्षा वरचा. चढाच्या अरुंद रस्त्यावर चढणाऱ्याला वाट द्यायची असते. उतरणारा बाजूला घेऊन थांबतो, आणि जो थांबलाय त्याचे हात मोकळे असतात. म्हणून जो थांबला त्याने आधी, आणि जाणाऱ्याने जमले तर. तुम्हाला वाट दिली असेल तर मात्र बोटे उचलायला चुकू नका, समोर थार असो वा मारुती ८००. खरे तर हे सगळे थारवाल्यांनी आणलेले नाही. कदंबच्या आणि खासगी बसच्या ड्रायव्हरांनी हा हात रोज केलेला आहे, आणि दोन बस शेजारी थांबवून दोन वाक्ये बोलणे तर गोव्यात मागच्या गाड्याही चुपचाप सहन करतात.

मारुतीची जिम्नी दिसली तर? करा. लांबून तीही थारसारखी वाटते, जवळ आली की तिचा अरुंदपणा कळतो. तोवर बोटे उचललेली असतात, मग परत कशाला घ्यायची? १९८५ मध्ये आलेल्या जिप्सीची ती वारस, घराणे वेगळे, पण डांबर संपले की रस्ता एकच. थार रॉक्सला पाच दारे आहेत म्हणून तिला थार न मानणारे काही शहाणे आहेत. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे भाड्याने घेऊन स्वतः चालवायची गाडी. तिच्यात बसलेल्याला या पद्धतीची कल्पना नसते, गाडीच्या रुंदीची सवय नसते आणि फोनवरचा नकाशा बोलत असतो. अनोळखी राज्यात भाड्याच्या गाडीकडे बघून कुणी हात केला की त्याच्या मनात तीनच शक्यता येतात: टायर गेला, पुढे पोलीस आहेत किंवा मी चुकीच्या दिशेने चाललोय. म्हणून तो ब्रेक मारतो. त्यातून तुम्ही पंजा उघडा करून दाखवला असेल तर तो ‘थांब’ असाच दिसतो. रस्त्याकडेचा माणूस बस थांबवायला तेच करतो. तेव्हा चार बोटेच बरी. अडचण ही की पाटी वाचता येते ती गाडी अगदी जवळ आल्यावर. त्याआधी ओळखायच्या खुणा आहेत: मागच्या सीटवर छतापर्यंत बॅगा, एकामागोमाग तीन थार, मधोमध चालणारी गाडी, आणि वळण नसताना चालू असलेला इंडिकेटर. यांतले काही दिसले तर हात राहू दे, ब्रेकवर पाय तयार ठेवा. खासगी पाटीची गाडीही कधीकधी भाड्याने फिरत असते, म्हणून उत्तर न मिळाल्याचा राग धरू नका.

लाइट मारायचा नाही. आपल्याकडे समोरून आलेल्या अप्परचा अर्थ ‘मी येतोय, तू थांब’ असा घेतात. पुढे झाड पडलेय, गुरे बसलीयत हे सांगायलाही तोच लाइट मारतात. तुम्ही नमस्कार म्हणून मारलात तर समोरचा एक तर थांबतो, नाही तर पुढच्या दोन वळणांवर गुरे शोधत जातो. हॉर्नचेही तेच. पुढे खरेच काही अडले असेल तेव्हा मात्र दोनदा डिप करा आणि वेग कमी करायची खूण खुशाल करा, त्यासाठीच ती आहे.

आता धास्तीबद्दल. नमस्कार करणारा एका सेकंदात आपल्या दिशेने निघून जातो. जो वळून मागे येतो, लाइट मारत राहतो, तुमचा वेग धरून शेजारी चालतो, त्याने कुठली गाडी घेतली आहे याला काही अर्थ नाही. अशा वेळी घराकडे वळू नका. माणसे असलेला पेट्रोल पंप, बाजार किंवा पोलीस स्टेशन गाठा, दारे लॉक, काच वर, आणि ११२ लावून रस्ता, दिशा आणि मागच्या गाडीचा नंबर सांगा. त्याआधीची काळजी म्हणजे मागच्या काचेवर नाव, इन्स्टाग्रामचा पत्ता किंवा ऑफिसचा स्टिकर नको. गोव्यात नुसत्या गाडीवरून ‘ही कुणाची मुलगी’ सांगणारे कमी नाहीत, त्यांना आणखी मदत कशाला? आणि तुम्हाला एखाद्याला उत्तर द्यावेसे वाटले नाही तर देऊ नका. या पद्धतीत कुणी कुणाचे देणे लागत नाही.

बोनेट उघडून उभा असलेला थारवाला. एकट्या असाल, तिन्हीसांज झाली असेल किंवा निर्जन जागा असेल, तर थांबायचे नाही; पुढच्या वस्तीत जाऊन फोन करायचा, हीही मदतच. उजेडात, रहदारीच्या रस्त्यावर थांबायचे झाले तर त्याच्या पुढे वीसेक मीटर जाऊन, पूर्ण बाजूला घ्या, इंजिन चालू, काच दोन बोटे खाली, आणि आधी विचारा की काय झालेय आणि कुणाला कळवले आहे का. त्याच वेळी घरी कुणाला तरी जागा सांगा. त्रिकोण त्याने लावला नसेल तर लावायला सांगा; वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, नाही तर येणाऱ्याला त्रिकोण आणि गाडी एकदमच दिसतात.

बॅटरीच्या तक्रारी तुम्हाला बऱ्याच दिसतील, कारण आपल्या खाऱ्या दमट हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरते. किल्ली फिरवल्यावर ‘टक टक टक’ असा भराभर आवाज आला तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकच मोठा ‘टक’ आला तर दोष स्टार्टरकडे असू शकतो. आधी १० नंबरचा पाना घेऊन टर्मिनल हलतेय का बघा. हलत असेल तर गाडी बंद ठेवून निगेटिव्ह आधी सोडवा, बुरशीवर गरम पाणी ओता, पुसा, पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी घट्ट करा. बऱ्याचदा तेवढ्यानेच गाडी उठते आणि जंपर केबल बाहेर काढावी लागत नाही.

नाहीच उठली तर जंपर केबल, म्हणजे एका गाडीच्या बॅटरीवरून दुसरी सुरू करायच्या तारा. डिझेलला जाड लागते. २५ चौरस मिलिमीटर तांब्याची घ्या, बाजारातल्या बारीक केबल गरम होतात आणि स्टार्टर फिरत नाही. दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना न टेकलेल्या. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग तुमच्या पॉझिटिव्हला. काळा तुमच्या निगेटिव्हला, आणि शेवटचा काळा त्याच्या बॅटरीला लावायचा नाही, तर बॅटरीपासून लांब, इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीभोवती हायड्रोजन असतो, म्हणून ती तिथे नको. तुमची गाडी सुरू करा, पाच मिनिटे थांबा, मग त्याला सुरू करू द्या. काढताना याच्या उलट क्रमाने. लाल-काळा उलटा लागला तर फ्यूज आणि अल्टरनेटरचे डायोड जातात, आणि जाताना दोन्ही गाड्यांचे जाऊ शकतात. म्हणून चिमटा लावण्याआधी बॅटरीवरची + आणि − ही चिन्हे बोट ठेवून वाचा. केबलचा रंग बघून लावू नका.

ओढून न्यायची वेळ आली तर पट्टा टो-हुकलाच. बंपरला, टाय-रॉडला नाही. ४×४ थार ओढायची असेल तर ट्रान्सफर केसचा (टू-व्हील, फोर-व्हील बदलायचा) लिव्हर N म्हणजे न्यूट्रलवर हवा. रिअर-व्हील थारला तो लिव्हरच नाही, ऑटोमॅटिक असेल तर गाडी पाठीवर घेऊन जाणारा फ्लॅटबेड ट्रक बोलवा. आणि किनाऱ्यावर वाळूत रुतलेला पर्यटक हात करून बोलावत असेल तर रस्त्यावरूनच ११२ लावा. किनाऱ्यावर गाडी नेणे हा गोव्यात गुन्हा आहे. मदतीला म्हणून तुम्ही वाळूत उतरलात तर केस दोघांवर, आणि खारे पाणी चॅसीत शिरले तर खर्च तुमचा.

कुणी दाराच्या हँडलवर रबरी बदक ठेवून गेले तर दचकू नका. २०२० मध्ये कॅनडात एका जीपवालीने सुरू केलेली ही गंमत आहे, तीही इकडे पोचली. बदक गिअरजवळच्या खणात ठेवा. डॅशबोर्डावर ठेवलेले घाटाच्या पहिल्या वळणाला घसरते, आणि त्याला जायला सगळ्यात सोपी जागा ब्रेकच्या पेडलखाली असते.

नदीच्या ड्राइव्हबद्दल. तुमच्या मॉडेलला कंपनीने ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता दिली आहे. तुमचा टायरच जेमतेम पाऊण मीटरच्या वर आहे, म्हणजे तो आकडा टायरच्या वरच्या कडेजवळ जातो. तो गृहीत धरून पाण्यात शिरू नका. तळ माहीत असलेल्या, संथ पाण्यात चाकाच्या मध्यापर्यंत ही आपली मर्यादा. जून-जुलैच्या लाल गढूळ पाण्यात तळही दिसत नाही आणि ओढही कळत नाही. शिवाय रस्त्याने तासभर तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. म्हणून पाण्याआधी पंधरा मिनिटे थांबायचे, आणि परत आल्यावर डिफरन्शियलचे (अ‍ॅक्सलमधल्या गिअरपेटीचे) तेल तपासायचे. तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर लगेच बदलायचे. पुढच्या सर्व्हिसपर्यंत ठेवले तर बेअरिंग जातात. पाण्यातून बाहेर आल्यावर शंभर-दोनशे मीटर हळू चालवत ब्रेक हलका दाबून सुकवा.

ग्रुपवाल्यांना तीन गोष्टी विचारा. जागा म्हादई किंवा दुसऱ्या अभयारण्यात येते का, आणि येत असेल तर वनखात्याची लेखी परवानगी कुणाच्या नावावर आहे? गाडी घालण्याआधी पाण्यातून चालत कोण जाणार? ओढायचा पट्टा, शॅकल (पट्टा अडकवायची लोखंडी कडी) आणि पट्टा कुठे लावायचा ते माहीत असलेला माणूस कोण? नावे घेऊन उत्तरे मिळाली तर जा, पहिल्या खेपेला तिसऱ्या-चौथ्या नंबरवर राहा, आणि पुढची गाडी पूर्ण बाहेर पडल्याशिवाय आपले चाक ओले करू नका.